अर्जासोबतचं पत्र

दोस्तांनो, समजा, बारावी झालेल्या तुमच्या ताईला धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापुरात, एखाद्या दुकानात हिशेब लिहिण्याचं काम हवंय. अर्जासोबत पत्र द्यायचंय. 'मी कष्टाळू व प्रामाणिक आहे' असं तर सगळेच लिहितात! ती मामांना मदत करत असेल, तर तिनं लिहावं, 'नवरात्रात मामांच्या पूजासाहित्याच्या दुकानाची रोजची वही मी लिहिली.' मालकाला लगेच कळेल, या मुलीला गर्दीतही हिशेब जमतो.

आणि शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर? लपवू नका. थोर गणिती रामानुजन यांनी फेब्रुवारी १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनीसाठी अर्ज केला. अडचणींमुळे पुढं शिकता आलं नाही, हे त्यांनी सांगून टाकलं. पण सगळा वेळ गणितात घालवतो, काम नीट करीन, असंही लिहिलं. सोबत एका प्राध्यापकांचं शिफारसपत्र जोडलं. १ मार्चला ते रुजूही झाले! पगार महिना ३० रुपये.

तेव्हा पत्र एकच पान, सुवाच्य. कोणतं काम हवं, ते जमतं याचा एक खरा दाखला आणि आपला पत्ता. बघा बरं, आजच ताईसाठी एक मसुदा करून!