गेटवे आपला हिशेब लिहून ठेवतो, तो वाचा

पॉवर बीआयचा रिपोर्ट सकाळी उघडला आणि त्यात कालचे आकडे आलेच नाहीत, की सगळी बोटं एकाच मशीनकडे वळतात. सर्व्हर रूममधलं, ऑन-प्रिमायसेस डेटा गेटवे बसवलेलं मशीन. ‘गेटवे स्लो आहे’ असा निकाल बैठकीतच लागतो, कुणीतरी सर्व्हिस रीस्टार्ट करतं, त्या दिवसापुरतं भागतं. चार दिवसांनी पुन्हा तेच, आणि मग नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवलं जातं. कारखाना असो, पतसंस्था असो की दूध संघ, जिथे डेटा आपल्याच इमारतीत आणि रिपोर्ट क्लाउडवर अशी मांडणी आहे, तिथल्या आयटीच्या माणसांना आणि त्यांच्या साहेबांना माझी कळकळीची विनंती आहे: कोटेशन मागवण्याआधी गेटवेने स्वतः लिहून ठेवलेल्या फाइली उघडा.

गेटवे ही विंडोजवर चालणारी एक सर्व्हिस आहे. पॉवर बीआयची विचारणा क्लाउडमधून अझ्युर रिलेमार्फत तिच्यापर्यंत येते. ती डेटाबेसकडून उत्तर घेते, एरवी ते आधी स्वतःच्या डिस्कवर तात्पुरतं साठवते आणि मग वर पाठवते. या साठवणीला स्पूलिंग म्हणतात. म्हणजे रिफ्रेशला लागलेल्या वेळात डेटाबेसचा वाटा असतो, गेटवेच्या प्रोसेसर-मेमरी-डिस्कचा असतो आणि इंटरनेटच्या लाइनचाही असतो. नवा सर्व्हर यांतल्या एकाच दुखण्यावर उपाय आहे. दुखणं दुसरीकडे असेल तर पैसे गेले आणि सकाळची बोंब तशीच राहिली.

कुठे किती वेळ गेला याची नोंद गेटवे करतो. ज्या खात्याने सर्व्हिस चालते, त्याच्या प्रोफाइलमध्ये ‘रिपोर्ट’ नावाचं फोल्डर असतं. कोणती क्वेरी केव्हा सुरू झाली, किती वेळ चालली, पाच-पाच मिनिटांची सरासरी काय आणि मशीनचा प्रोसेसर व मेमरी किती वापरात होती, हे सगळं तिथे साध्या फाइलींत पडत असतं. एक्सेलमध्ये त्या सहज उघडतात. त्या पॉवर बीआयमध्ये चित्ररूपाने पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्टने तयार टेम्प्लेटही दिलं आहे. वेगळा पैसा लागत नाही.

फाइल पहिल्यांदा उघडणाऱ्याची एका गोष्टीवर हमखास फसगत होते, म्हणून ती आधीच सांगतो. तिथली वेळ यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुमचा पहाटे पाचचा रिफ्रेश फाइलमध्ये आदल्या तारखेला, रात्री साडेअकराला दिसेल. आजच्या तारखेत शोधत बसलात तर ‘रिफ्रेश झालाच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

आता एक ओळ नीट वाचू. समजा, विक्रीच्या तक्त्याच्या रिफ्रेशची ओळ आहे. क्वेरी चालण्याच्या रकान्यात 2,40,000 असा आकडा आहे. हे मिलिसेकंद, म्हणजे चार मिनिटं. डेटावर प्रक्रिया करण्याच्या रकान्यात 15,000, म्हणजे पंधरा सेकंद. इथे वेळ खाल्ला तो डेटाबेसने. इंडेक्स नसेल, किंवा ईआरपीची रात्रीची कामं आणि बॅकअप त्याच वेळी चालू असतील. गेटवेला कितीही मोठं मशीन दिलंत तरी ही चार मिनिटं कमी होणार नाहीत. हेच आकडे उलटे असते, क्वेरी पंधरा सेकंदांची आणि प्रक्रिया चार मिनिटांची, तर डिस्कवर लिहिण्याचा आणि वाचण्याचा वेळ पाहा. त्याचे रकाने वेगळे आहेत. तो वाढलेला असेल तर जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी घाला, डिस्क भरत आली आहे का ते बघा आणि अँटिव्हायरस प्रत्येक तात्पुरती फाइल तपासत बसलाय का तेही बघा.

यानंतर प्रोसेसर आणि मेमरीची फाइल घ्या. नुसतं ‘नव्वद टक्के’ पाहून घाबरू नका. ते नव्वद टक्के कुठल्या वेळी होते, हे महत्त्वाचं. फार ठिकाणी असं दिसतं, की दिवसभर मशीन रिकामं आणि सकाळी सहाला एकदम शिखर, कारण प्रत्येकाने आपापल्या रिपोर्टच्या रिफ्रेशला सहाच वाजताची वेळ दिलेली असते. यावर औषध अगदी फुकटचं आहे: वेळा वाटून द्या. एकाला साडेचार, दुसऱ्याला साडेपाच. भांडारातला साठा आणि हजेरी एकाच मिनिटाला ताजी व्हायची काही गरज नसते.

शिखर दिवसभर टिकत असेल तर मात्र काम कोणत्या जातीचं आहे ते पाहा. सगळा डेटा उचलून नेणारे रिफ्रेश मेमरी जास्त खातात. रिपोर्टवर प्रत्येक क्लिक झाली की थेट डेटाबेसला विचारणारी डायरेक्टक्वेरी प्रोसेसरवर ताण आणते. दोन्ही एकाच गेटवेवर असतील तर त्यांना वेगळी मशीनं द्या. पॉवर क्वेरीतल्या पायऱ्याही तपासा. फिल्टर डेटाबेसपर्यंत पोचत नसेल, तर पूर्ण तक्ता गेटवेवर ओढला जातो आणि गाळण्याचं काम तिथे होतं. एका महिन्याच्या विक्रीसाठी दहा वर्षांच्या नोंदी रोज ओढल्या जात असतील, तर ते वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

मशीन खरोखरच अपुरं आहे असं निघालं, तर जरूर घ्या. मायक्रोसॉफ्टची शिफारस आठ कोअर, 8 जीबी मेमरी आणि एसएसडीची आहे. कुणाच्या टेबलावरचा लॅपटॉप, जो संध्याकाळी मिटून पिशवीत जातो, तो यासाठी वापरू नका. दुसरं मशीन जोडून क्लस्टर केलंत तर एक सेटिंग तपासा. विनंत्या सर्व सदस्यांत वाटण्याचा पर्याय चालू केला नाही, तर काम पहिल्याच मशीनकडे जात राहतं आणि ते बंद पडलं तरच दुसऱ्याला हात लागतो. दुप्पट खर्च करून वेग तेवढाच, अशी तक्रार ऐकली की मी सगळ्यात आधी हेच विचारतो.

या फाइली कायम राहत नाहीत. मूळ सेटिंगमध्ये एका प्रकारच्या दहा फाइली, प्रत्येकी साधारण 100 एमबी. त्यापुढे जुनी पुसली जाते. म्हणून पाच मिनिटांच्या सरासरीची फाइल दर महिन्याला दुसरीकडे उतरवून ठेवा आणि तिच्यासोबत एक ओळ लिहा: गेटवेची कोणती आवृत्ती कोणत्या तारखेला बसवली. आवृत्ती जवळपास दर महिन्याला नवी येते आणि मायक्रोसॉफ्ट शेवटच्या सहांनाच आधार देतं, त्यामुळे अपडेट टाळता येत नाही. अपडेटनंतर वेग घटला की वाढला, हे आधीचे आकडे हाताशी असतील तरच कळेल.

अजून एक, तातडीचं. ठरलेला रिफ्रेश लागोपाठ चार वेळा फसला की पॉवर बीआय तो वेळापत्रकातून बंद करतं. फसल्याची ईमेल ज्याच्या नावावर रिपोर्टमागचं डेटा मॉडेल आहे त्याला जाते. तो माणूस नोकरी सोडून गेला असेल तर कुणालाच कळत नाही. रिफ्रेशच्या सेटिंगमध्ये आणखी नावं घालण्याची सोय आहे. आजच दोन चालू नावं घाला.

आणि साहेब मंडळींना सांगणं हे, की आयटीच्या माणसाला आठवड्यातून अर्धा तास या कामासाठी मोकळा द्या, तो अर्धा तास प्रिंटर आणि पासवर्ड यांत जाऊ देऊ नका. बैठकीत ‘गेटवे चालू आहे ना?’ असं विचारण्याऐवजी विचारा, की या आठवड्यात सर्वांत जास्त वेळ कोणत्या क्वेरीने घेतला, आणि मागच्या आठवड्यात तिला किती लागत होता?