‘बघू उद्या’ म्हणणाऱ्याचा खोडवा



गळीत हंगामात शिवारातून फिरताना एक वाक्य मला रोज दहा ठिकाणी ऐकायला मिळते : “साहेब, करू की! ऊस आत्ताच गेलाय, जरा दम खाऊ द्या.” टोळीमागे धावून, मुकादमाची मनधरणी करून, रात्री-अपरात्री गाडी भरून देऊन सभासद थकलेला असतो, हे मला मान्य आहे. परंतु नेमके याच दिवसांत खोडव्याचे नशीब ठरते. आणि खोडवा आपण आळसाने नव्हे, चालढकलीने घालवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आळशी माणूस उसाच्या नादी लागतच नाही. चालढकल करणारा कष्टाळूच असतो. तो दिवसभर राबतो, फक्त जे काम डोळ्यांना मोठे दिसते तेवढे टाळून बाकीची सगळी करतो. तोडलेल्या फडात उभे राहिले की एकरभर पाचट आणि त्याखाली उंच-सखल बुडखे बघूनच छाती दडपते. मग सुरू होते, “बायका मिळाल्या की करू”, “बिल निघालं की करू”, “पाहुण्यांचं लग्न उरकलं की करू”. असे आठ-दहा दिवस जातात. पाण्याची पाळी डोक्यावर येते, कोंब डोके काढू लागतात. आता पाचट सरीत लावायला वेळच उरत नाही. शेवटी संध्याकाळी वारा पडलेला बघून काडी ओढली जाते.

पाचट जाळू नये, हे आज कोणाला सांगावे लागत नाही. माहिती सर्वांना आहे. तरी काडी ओढली जाते, कारण गेलेले दहा दिवस ती दहा मिनिटांत झाकून टाकते. एकरी ३ ते ४ टन पाचट धुरात जाते, जमिनीची ओल जाते, आणि पुढे तेच सभासद सेंद्रिय खत विकत आणायला निघतात!

काम तरी केवढे आहे? बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढायचे. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटायचे, म्हणजे कोंब जमिनीच्या आतून जोमदार येतात. पाचटावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचे. खताचा पहिला हप्ता १५ दिवसांच्या आत पहारीने द्यायचा. यातल्या खताला पैसे लागतात, कबूल. पण बुडखे छाटायला बिल लागत नाही. कोयता घरात आहेच.

आता दुसऱ्याला सांगणाऱ्याने स्वतःचेही सांगावे. काही वर्षांमागे एका सभासदाने निरोप दिला, “बेटं गवतासारखी बारीक फुटल्यात, पानं पांढरट पडल्यात, येऊन बघा.” गवताळ वाढ असावी हे ऐकताच ध्यानात आले होते. त्याच दिवशी जाऊन ती बेटे उपटायला लावणे आणि त्या रानातले बेणे कोणाला देऊ नका म्हणून बजावणे, एवढेच माझे काम होते. पण त्या आठवड्यात नोंदींचे कागद होते, मीटिंग होती. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तीन आठवड्यांनी मी बांधावर पोचलो. तोवर शेजारच्या दोघांनी तिथलेच बेणे नेऊन लागण केली होती. हा रोग बेण्यातून पसरतो. पुढे त्या दोघांच्या रानातही तीच बेटे दिसली. बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी गत झाली. ते सभासद मला एक शब्दही बोलले नाहीत. त्याचीच टोचणी अजून आहे.

तेव्हापासून वहीत सभासदाचे नाव लिहिले की समोर जायची तारीख त्याच क्षणी लिहितो. आणि मोठे काम पुरते करायचे मनात धरतच नाही, नुसते सुरू करायचे ठरवतो. तुम्हीही तसेच करून बघा. शेवटची मोळी गाडीत चढली, की दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन पाचच सऱ्या करा. एकर डोळ्यांपुढे आणूच नका. पाच झाल्या की सहावीकडे हात आपोआप वळतो, आणि बांधावरून जाणारा शेजारीही थांबून विचारतो.

यंदा ज्यांचा ऊस गेला, त्यांनी हा अंक वाचून झाला की कोयत्याला धार लावून ठेवावी. आणि मला निरोप देऊन आठ दिवस झाले तरी मी आलो नाही, तर गट ऑफिसात चारचौघांत मला हटकावे. राग मानणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी