नकाशा मुलाच्या हाती

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे एक वेगळेच असते. फुगा दाखवून त्यांना रमवता येत नाही आणि मोठ्यांसारखी समजूतही घालता येत नाही. अशा मुलाला घेऊन परदेशातले मोठे शहर पाहायला निघायचे, म्हणजे आई-वडिलांची परीक्षाच. आपल्याकडे परदेशवारी वर्षानुवर्षे पैसे साठवून होते. त्यामुळे प्रत्येक तासाचा हिशेब आपल्या डोक्यात असतो, आणि चिरंजीव राजवाड्यासमोरच्या कठड्याला टेकून मोबाइलमध्ये मान घालून उभे राहिले की आपला पारा चढतो. 'एवढे पैसे घालून आणलंय तुला, बघ तरी जरा!' हे वाक्य मी परदेशी रस्त्यांवर शुद्ध मराठीत कितीदा तरी ऐकले आहे.

माझे म्हणणे असे, की मुलांना शहराचा कंटाळा येत नाही, नुसते मागे मागे चालण्याचा येतो. तिकिटे बाबांकडे, पासपोर्ट आईकडे, वेळापत्रक सहल नेणाऱ्याकडे. मुलाकडे उरते काय? पाण्याची बाटली! घरी दोन बस बदलून एकटा क्लासला जाणारा मुलगा लंडनला पोहोचला की एकदम बोट धरण्याच्या वयाचा होतो.

लंडनला आम्ही चौघे गेलो होतो. आम्ही दोघे, तेरा वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. तिथली भुयारी रेल्वे 1863 पासून धावते आहे, पण जिन्याशिवाय ये-जा करण्याची सोय आजही तिच्या निम्म्याहून कमी स्थानकांत आहे. मुलाला आम्ही एकच काम दिले : आजीला एकही जिना चढावा लागणार नाही असा रस्ता रोज तू शोधायचास. नकाशावर अशा स्थानकांपाशी चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असते. पहिल्याच रात्री गडी जमिनीवर नकाशा पसरून बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आई, हा नकाशा चक्क खोटं बोलतो."

बोलतोच. हॅरी बेक नावाच्या आरेखकाने 1931 साली तो काढला आणि 1933 मध्ये तो प्रवाशांच्या हाती पडला. खरी अंतरे बाजूला ठेवून त्याने सगळ्या रेषा आडव्या, उभ्या नाहीतर तिरक्या केल्या. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्थानके प्रत्यक्षात जेमतेम पाव किलोमीटर अंतरावर आहेत, हे त्या नकाशावरून कळायचे नाही. दुसऱ्या दिवसापासून चिरंजीव पुढे आणि आम्ही मागे. "आजी, घाई करू नकोस, पुढे लिफ्ट आहे," असे तो सांगे आणि सासूबाईंची कळी खुले. घरी हाच मुलगा त्यांच्या हाकेला तिसऱ्या वेळी ओ देतो, ते सोडा.

खरा प्रश्न आला तो ग्रिनिचच्या दिवशी. कॅनरी वॉर्फहून जी छोटी गाडी मिळते तिला चालकाची केबिन नसते, त्यामुळे अगदी पुढच्या काचेशी बसता येते. थेम्सच्या अलीकडे आयलंड गार्डन्स हे स्थानक, नदीखालून पलीकडे गेले की कटी सार्क. पण नदीखालून चालत जाण्याचाही एक बोगदा आहे, 1902 साली बांधलेला, सुमारे 370 मीटर लांब. मुलाने तो हेरून ठेवला होता. त्याला त्यातून एकट्याने यायचे होते.

"हे काय दादर आहे?" असे हे म्हणाले. मी जाऊ द्यावे या मताची. बोगद्याला दोनच तोंडे, वाटेत फाटा नाही, दोन्ही टोकांना काचेच्या घुमटाची गोल इमारत, चुकायचे कुठे? तरीही तो आयलंड गार्डन्सला उतरला आणि दार बंद झाले, तेव्हा आम्ही तिघे एकमेकांशी बोललो नाही. कटी सार्कला उतरून सासूबाईंच्या चालीने घुमटापाशी पोहोचलो, तर हा हाताची घडी घालून उभा. "किती उशीर केलात!"

टेकडीवर वेधशाळेत शून्य रेखावृत्ताची पट्टी आहे. लोक दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून फोटो काढतात. मुलाने त्या पट्टीवर मोबाइल धरला, तर शून्य येईना! उपग्रहांवरून मोजलेले शून्य तिथून सुमारे 102 मीटर पूर्वेला, बागेत आहे. पूर्वी दुर्बिणीने वेध घेताना सरळ खाली म्हणजे कुठे, ते त्या जागच्या गुरुत्वाकर्षणावरून ठरे आणि ते किंचित कललेले होते. मग ज्या मोबाइलवरून घरी रोज भांडण, तोच हातात धरून हा अर्धा तास गवतात शून्य शोधत फिरला. सासूबाईंनी बाकावर बसून आपल्या लहानपणची 'बॉम्बे टाइम' काढली. मुंबईची वेळ ग्रिनिचपेक्षा 4 तास 51 मिनिटे पुढे होती आणि 1906 साली भारताची प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने ती 1955 पर्यंत सोडली नव्हती. नातवाने ताबडतोब रेखांशाला पंधराने भागून पडताळा पाहिला.

संग्रहालयांबाबत आमचा नियम कडक होता. दिवसाला एकच, दोनच तास, आणि आधी त्याने निवडलेल्या तीनच वस्तू. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये त्याने टिपूचा वाघ निवडला, गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला. "आपला वाघ इथं कसा?" हा प्रश्न ओघाने आलाच. 1799 साली श्रीरंगपट्टण पडले ते सांगितले. याच संग्रहालयातली वाघनखे जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्यात आली, आणि ती नक्की महाराजांचीच का, याबद्दल खुद्द संग्रहालय खात्री देत नाही, हेही सांगितले. रात्री जेवताना आजी-नातवाची यावर अशी जुंपली, की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले.

शेवटचा दिवस लॉर्ड्सचा. तिथले जवळचे स्थानक जिन्याचे, म्हणून चिरंजीवांनी बस काढली. मैदान एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अडीच मीटर उतरते, हे त्याला वाटाड्याच्या आधी ठाऊक होते. इथे दिलीप वेंगसरकरने 1979, 1982 आणि 1986 अशा लागोपाठ तीन कसोटींत शतके काढली, हे मात्र बाबांना ठाऊक होते. मग ते वाटाड्याला गाठून असे काही बोलत सुटले, की अखेर मुलानेच त्यांची बाही ओढली. "बाबा, चला ना आता, आजीला भूक लागलीय."