डोळे फुटले का गं?

तांदळात खडा राहिला, फळीवरच्या डब्यांतून हळदीचा डबा सापडला नाही, उतरताना शेवटची पायरी चुकली, की घरातून आवाज येतो, "डोळे फुटले का गं?" सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात असलेली कितीतरी बाई हे जन्मभर ऐकते. सून असली तर वर माहेरचा उद्धार.

मैत्रिणींनो, तिचे डोळे फुटलेले नसतात. डॉक्टरांचा तक्ता ती कदाचित शेवटच्या ओळीपर्यंत वाचेल. डोळा पाहतो, पण पाहिलेल्याची जुळणी मेंदू करतो. जन्माआधी, जन्मताना किंवा लगेच नंतर मेंदूला इजा झाली, की हातापायांबरोबर पुष्कळदा ही जुळणीही बिघडते. मग गर्दीतली एक वस्तू वेगळी काढता येत नाही, अंतर कळत नाही. कुणाला पायाजवळचं दिसत नाही, कुणाला ओळखीचे चेहरेही ओळखू येत नाहीत. दमल्यावर हे वाढतं. सकाळी जमलेलं संध्याकाळी जमत नाही, आणि घरचे म्हणतात, सोंग करते.

पुरुषालाही हे होतं. पण त्याची किंमत निवडलेल्या तांदळावर ठरत नाही. जालन्याच्या शिवारात कापूस वेचायला बायाच, आणि मजुरी किलोवर. पाला टाळून झपाझप बोंडं वेचायची तर हाताइतकीच नजर लागते. जिची नजर अडखळते ती 'कामचुकार'.

सरकारदरबारी तरी दाद लागावी? १९९५ च्या कायद्याने सेरेब्रल पाल्सी हालचालींच्या अपंगत्वात घातली. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार झाले, तरी हिची व्याख्या हालचाल आणि स्नायूंपुरतीच राहिली. अल्पदृष्टी मोजायची ती तक्त्यावर, नाहीतर नजरेचा घेर किती यावर. या दोन रकान्यांच्या फटीत आपली बाई पडते. जरा लंगडणारीचे ४० टक्के भरत नाहीत, आणि राखीव जागा ४० च्या पुढे!

याहून गंभीर गोष्ट पोलीस ठाण्यातली. २०१३ च्या दुरुस्तीने एक चांगलं केलं. ओळखणारी व्यक्ती अपंग असेल तर ओळख परेड न्यायदंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली व्हावी, तिचं चित्रीकरण व्हावं. २०२३ च्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. पण जिला चेहरेच ओळखता येत नाहीत, तिला रांगेसमोर उभं करून काय मिळणार? ती गप्प राहील, नाहीतर भलत्यावर बोट ठेवेल. मग समोरचा वकील म्हणायला मोकळा, बाई खोटी. अत्याचार करणारा सुटेल तो कॅमेऱ्यासमोर, कायदा पाळून.

म्हणून सल्ला केंद्रावर आलेल्या अशा बहिणीला "दिसतं का?" एवढंच विचारू नका. ती 'हो' म्हणेल, आणि ते खरंही असेल. विचारा, बाजारात सोबतची बाई हरवते का? एसटी स्टँडवर गाडीची पाटी सापडते का? माणूस चेहऱ्यावरून ओळखतेस की आवाजावरून? उत्तरं तिच्याच शब्दांत लिहून घ्या. तक्रार असेल तर ती पहिल्या जबाबातच आली पाहिजेत, परेडनंतर नव्हे. तोच कागद जिल्हा रुग्णालयातल्या अपंगत्व मंडळापुढच्या अर्जाला जोडा. मंडळाने बाजूला सारला, तर तसं लेखी मागा आणि मिळेपर्यंत तिथून उठू नका.