चौबगला

यंदा रमजानच्या आधी आम्ही दोघी जावांनी एक उद्योग अंगावर घेतला. घरातल्या मुलांना ईदसाठी जुन्या पद्धतीचे कळीदार कुर्ते घरीच शिवायचे. बाजारात कुर्ते मिळतात, पण ते शर्टासारखे बेतलेले असतात. गळा आणि लांबी तेवढी कुर्त्याची. आम्हांला हवा होता तो अम्मींच्या लोखंडी पेटीतला. त्यांच्या मरहूम अब्बांचा पांढऱ्या मलमलीचा कुर्ता, त्यांच्या आईने हाताने शिवलेला.

तो पाहिला आणि पहिला विचार आला की शिवणी उसवून सगळे तुकडे कागदावर ठेवावेत, आखून घ्यावेत आणि पुन्हा शिवावेत. अम्मींना विचारले. त्यांनी कुर्ता मांडीवर घेतला, घडी घातली आणि म्हणाल्या, "बाहेरून काय दिसतं ते बघा. उसवायचा नाही." आम्हांला थोडे वाईट वाटले. जुने कापड, कधी तरी विरणारच. मग शिकून तरी घेऊ, असे आमचे म्हणणे होते. पण पुढे बोललो नाही.

डोळ्यांनी पाहून माप घेतले आणि पहिला कुर्ता शिवला. थोरल्या मुलाला घालून पाहिला. छान दिसला. मग तो असरच्या नमाजला उभा राहिला. तकबीरसाठी हात वर गेले, तसा अख्खा कुर्ता वर ओढला गेला. सजद्यात काखेत टर्र झाले. धाकटी पोरे हसली. अम्मींना आता बारीक दिसत नाही, पण ऐकू चांगले येते. त्यांनी फाटका कुर्ता मागितला, काखेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "चौबगला कुठाय?"

चौबगला म्हणजे काखेत बसवायचा चौकोनी तुकडा. चार इंचांचा एवढासा, पण जुन्या कुर्त्याचा सगळा सैलपणा त्याच्यावर. जुन्या बेतात खांद्याला आणि काखेला गोल कापणी नसतेच. सगळे तुकडे सरळ रेषांचे. अंगरख्यालाही कळ्या आणि चौबगला असतात. कापड हातमागावर, कष्टाने विणलेले. गोल कापले की चिंध्या उरतात. काटकोनात कापले की जवळजवळ काही वाया जात नाही. इस्राफ टाळायचा धडा त्या बायकांच्या कात्रीतच होता, असे आम्हांला वाटले.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी छत्तीस छातीच्या, ४२ इंच लांबीच्या कुर्त्याचा हिशोब देतो. ३६ इंच पन्ह्याचे सुती कापड पावणेतीन मीटर लागते. आधी धुऊन वाळवून घ्यावे, नाही तर नंतर आटते. १६ इंच रुंद आणि ८६ इंच लांब असा एक पट्टा काढावा. हाच पुढचा आणि मागचा भाग. तो खांद्यावर नुसता दुमडायचा, खांद्याला शिवण नाही. त्याच्या शेजारून १२ इंच रुंद, ३४ इंच लांब असे दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येक तुकडा वर ४ आणि खाली ८ इंच येतील असा तिरका कापला की दोन कळ्या निघतात. अशा चार कळ्या झाल्या. उरलेल्या लांबीतून १६ इंच रुंद, २० इंच लांब अशा दोन बाह्या. कडेला ८ इंचांची पट्टी उरते, तिच्यातून दोन चौबगले आणि गळ्याची पट्टी.

कळीची तिरकी कड मधल्या पट्ट्याच्या सरळ कडेला जोडावी. दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडल्या तर शिवण लोंबते. चौबगल्याच्या दोन बाजू पुढच्या-मागच्या कळीच्या माथ्याला आणि दोन बाजू बाहीच्या खालच्या कडांना येतात. एक कोपरा बाहीच्या शिवणीवर, समोरचा कोपरा बाजूच्या शिवणीवर. पहिल्यांदा डोके चक्रावते. जुन्या चादरीचा कच्चा कुर्ता करून पाहिला की समजते.

या निमित्ताने मुलांना वाचायलाही मिळाले. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त कपड्यांची नोंद आहे; अकबराने जाम्याला 'सर्बगाती', म्हणजे सर्व अंग झाकणारा, असे नवे नाव दिले होते. त्या काळात मुसलमान जाम्याचे बंद उजव्या काखेखाली बांधत आणि हिंदू डाव्या. बेत एकच, गाठ तेवढी वेगळी. मशरूचे कापडही मुलांना आवडले. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून वरून रेशीम आणि अंगाला लागणारी बाजू सुताची. नावाचा अर्थच 'शरियतला मान्य'.

दुसरा कुर्ता आम्ही अम्मींच्या शेजारी बसून शिवला. त्या जुना कुर्ता चाचपत आणि सांगत: इथे कड दुमडून दोनदा टाका, इथे नुसता धावता टाका. डावी काख झाली. उजव्या काखेशी त्यांचा हात थांबला. आम्ही वाकून पाहिले. बाकी कुर्त्यावर टाके तांदळाच्या दाण्याहून बारीक आणि एका ओळीत. या एका चौबगल्यावर मात्र लांब, वाकडेतिकडे, एका जागी तर दोऱ्याचा गुंता.

"हा मी लावला," अम्मी म्हणाल्या. "नऊ वर्षांची होते. अम्मांनी उसवला नाही. अब्बांनी तसाच ईदला घातला."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. कागदावर आखायच्या नादात आम्ही पहिल्यांदा हाच तुकडा उसवला असता.

ईदच्या सकाळी तिन्ही मुले नवे कुर्ते घालून ईदगाहला गेली. एकाची कळी जराशी लोंबते, दुसऱ्याचा गळा मोठा झाला आहे. धाकट्याच्या कुर्त्याचा उजवा चौबगला आमच्या दहा वर्षांच्या लेकीने लावला. टाके कसे आहेत ते सांगत नाही. उसवायचा नाही, एवढे घरात ठरले आहे.