ज्याचा पेला, त्याची चूल

पाऊस सरून हवेत गारवा आला की आमच्या मंडळींना डोंगराची ओढ लागते. बेळगावचे आणि गोव्याचे लोक चोर्ला घाटाकडे वळतात, इंदूरचे जानापावची टेकडी चढतात, बडोद्याचे पावागडाकडे निघतात. ही ओढ निकोप आहे. तिच्याविरुद्ध आम्हांस एक अक्षरही लिहावयाचे नाही. आमची तक्रार आहे ती या मुक्कामांतील पहाटेच्या पेल्याविषयी.

तंबू दुसऱ्याने उभारलेला, पाणी दुसऱ्याने वाहून आणलेले, लाकडे दुसऱ्याने फोडलेली. आणि उजाडता उजाडता पांघरुणातून केवळ हात बाहेर काढून पाहुणा विचारतो, ‘कॉफी झाली का रे?’ ज्याला हा प्रश्न विचारला जातो तो पायथ्याच्या गावातील पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा असतो. दवाने ओलावलेल्या काटक्या फुंकून फुंकून त्याचे डोळे लाल झालेले असतात. पाहुणा पेला रिकामा करतो, तो जिथल्या तिथे ठेवतो आणि घरी परतल्यावर चारचौघांत सांगतो, ‘रानात केलेल्या कॉफीची लज्जतच निराळी!’ केलेल्या? कोणी केलेल्या? आमचे स्पष्ट म्हणणे असे की, या गृहस्थाने रानात मुक्काम केलाच नाही. त्याने आपले हॉटेल तेवढे डोंगरावर हलविले.

ही रीत आजची नव्हे. ग्लासगो येथील पॅटर्सन मंडळींनी १८७६ च्या सुमारास बाटलीतून विकावयास काढलेल्या कॉफीच्या अर्काचे नावच मुळी ‘कॅम्प कॉफी’. त्यात कॉफी थोडी. साखर आणि चिकोरीच अधिक. पण खरी बोलकी होती ती बाटलीवरची चिठ्ठी. तंबूपुढे एक स्कॉटिश सैनिकी अधिकारी ऐटीत बसून कॉफी पीत आहे, आणि शेजारी एक शीख सेवक हाती तबक घेऊन उभा आहे! त्या सेवकाच्या हातचे तबक विसाव्या शतकात केव्हातरी नाहीसे झाले. परंतु त्याला साहेबाच्या जोडीला बसावयास आणि स्वतःचा पेला हाती धरावयास २००६ साल उजाडावे लागले. परक्यांच्या बाटलीवरचे चित्र सव्वाशे वर्षांनी का होईना, बदलले. आमच्या मुक्कामावरचे चित्र मात्र अजून तेच आहे. फरक एवढाच की बसणारेही आता आम्हीच आहोत.

याच्या उलट उदाहरणे पाहावीत. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला जो शिधा मिळे, त्यात शंभर माणसांमागे दररोज दहा पौंड हिरवी किंवा आठ पौंड भाजलेली कॉफी असे. दिवसभर चालून तळावर पोचलेला शिपाई आपल्या वाट्याचे दाणे बंदुकीच्या दस्त्याने चेचून, आपल्याच टिनच्या डब्यात स्वतः उकळवी. अरबस्तानात पाहुण्यादेखत कॉफीचे दाणे भाजावयाचे, कुटावयाचे आणि मग ती पेल्यात ओतावयाची, हा आतिथ्याचा भाग समजला जातो. २०१५ मध्ये युनेस्कोने या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंद केली. शिपाई असो की यजमान, उघड्यावर कॉफी करणे यात त्यांपैकी कोणालाही कमीपणा वाटला नाही. तो नेमका आम्हांलाच का वाटावा?

कोणी म्हणतील, एका पेल्यासाठी एवढा त्रागा कशाला? त्रागा अशासाठी की, जो पेला स्वतः करावा लागत नाही त्याची किंमतही कळत नाही, आणि ती किंमत मग रानाला मोजावी लागते. पहिली गोष्ट विस्तवाची. तीन दगडांची चूल दिसावयास रम्य खरी. परंतु ती विझविण्याचे काम नेहमी ‘कोणीतरी’ करील म्हणून सोडून दिलेले असते. वरून राखाडी दिसणाऱ्या निखाऱ्याच्या पोटात दुसऱ्या दिवसापर्यंत धग राहते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि गोव्याच्या इतर रानांत वणवे पेटले, तेव्हा ते विझविण्यासाठी नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन आकाशात घिरट्या घालीत होती. त्या वणव्यांचे खापर कॉफी पिणाऱ्यांच्या माथी फोडण्याचा आमचा हेतू नाही. फाल्गुनातले रान किती कोरडे असते आणि एकदा पेटले की ते किती जणांना आवरत नाही, एवढेच त्यावरून ध्यानी घ्यावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या तिसाव्या कलमान्वये अभयारण्याला धोका पोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे किंवा पेटता सोडून जाणे यास मनाई आहे. पण कायदा दाखवून थांबविण्याची वेळ यावी, हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट होय.

दुसरी गोष्ट पुडीची. झटपट कॉफीचा आम्ही सरसकट तिरस्कार करीत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेल्या अमेरिकन सैनिकांना ती मिळाली तेव्हा ती वरदानच ठरली असेल. परंतु तोफांचा मारा चुकवीत कॉफी पिण्याचा प्रसंग आमच्यावर आलेला नाही. आम्ही तर सवड काढून रानात गेलो आहोत! चांदीसारखी चकाकणारी ती पुडी प्लास्टिक आणि धातूच्या थरांची असते. ती कुजत नाही आणि गुराढोरांच्या पोटातही जिरत नाही. वजनाची सबब तर मुळीच टिकत नाही. पेल्याला बारा ग्रॅम या हिशेबाने चौघांच्या दोन वेळच्या कॉफीला शंभर ग्रॅम पूड पुरते. तेवढे ओझे ज्याच्या पाठीला झेपत नाही, त्याने डोंगराच्या वाटेलाच जाऊ नये.

आणि कृती तरी अवघड आहे काय? स्पिरिटचा किंवा गॅसचा लहान स्टोव्ह, झाकणाचे एक पातेले आणि जाडसर दळलेली पूड, एवढे सामान पुरे. पुडीत चिकोरी किती आहे ते पाकिटावर वाचून घ्यावे. मिश्रणात ती एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत असू शकते. पाणी उकळले की पातेले खाली उतरवावे, पूड टाकून एकदा ढवळावे आणि चार मिनिटे झाकून ठेवावे. पूड घालून पुन्हा उकळू नये. तसे केल्यास कडवटपणा तेवढा उतरतो. उंचीचा येथे उपयोगच होतो. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने खाली येतो. म्हणजे १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, आणि कॉफी उतरावयास नव्वद ते शहाण्णव अंश हीच उष्णता योग्य. समुद्रकाठी मात्र उकळी आल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावे. शेवटी गार पाण्याचा एक शिपका दिला की चोथा तळाशी बसतो. मग हलक्या हाताने ओतावी. आमच्या घरोघरच्या जिभेला दूध आणि जायफळ लागते. दुधाची भुकटी आणि जायफळाचे एक बोंड कोठेही मावते. चोथा ओढ्यात झटकू नये. कागदात गुंडाळून तो आल्या वाटेने परत न्यावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. सर्वच जण आपली कॉफी आपण करू लागले, तर त्या गावच्या पोराच्या चार पैशांचे काय? आमचे उत्तर असे की, ते पैसे त्याला अवश्य द्यावेत, किंबहुना अधिक द्यावेत; पण ते त्याच्या ज्ञानाचे द्यावेत. पाऊलवाटा त्याला ठाऊक, झरा कोणत्या महिन्यात आटतो ते त्याला ठाऊक, रात्री कोणत्या दिशेने गवे उतरतात तेही त्याला ठाऊक. तो वाटाड्या आहे, त्या रानाचा जाणकार आहे. त्याला फुंकणीला जुंपणे म्हणजे पंडिताला पाणक्या करणे होय. त्याच्या घरची भाकरी मोल देऊन खावी, त्याच्या मागून चालावे, आणि पहाटे त्याच्या आधी उठावे.

होय, त्याच्या आधी उठावे. आपल्या हाताने पाणी आणावे, आपल्या हाताने कॉफी करावी, आणि पहिला पेला त्याच्या पुढे करावा. तो संकोचेल, नको म्हणेल. तरीही आग्रह करावा, आणि त्याला शेजारी बसवून घ्यावे. मग कोणी पुसलेच, तर रानात केलेल्या कॉफीची लज्जत निराळी असते, असे खुशाल सांगावे.