सरासरी आणि मर्यादारेषा

गेल्या महिन्यांत येथें धानोऱ्यास आमच्या नातवास दोन वर्षें पूर्ण झालीं. अंगणवाडींत त्यास निजवून लांबी मोजली, ती ८३ सेंटिमीटर भरली. सरासरी ८७.८ आहे हें ऐकतांच सूनबाईंचें तोंड उतरलें; आमच्या सौभाग्यवतींनीं तर दृष्ट काढण्यास मीठ-मोहऱ्या घेतल्या! तेव्हां आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलों.

सरासरी म्हणजे उत्तीर्ण होण्याचे गुण नव्हेत. निरोगी मुलांपैकीं सुमारें निम्मीं तिच्याखालींच असावयाचीं. पाहावयाचें तें हें कीं, मुलें सरासरीपासून सामान्यतः किती दूर पांगतात. या पांगण्याच्या मापास प्रमाण विचलन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह सहा देशांतील सुपोषित मुलांचीं मापें घेऊन २००६ सालीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांत दोन वर्षांच्या मुलग्यांच्या लांबीचें हें विचलन सुमारें ३.०५ सेंटिमीटर येतें.

उंचीची वांटणी घंटेच्या आकाराची, म्हणजे प्रसामान्य असते. शेंकडा ६८ मुलें सरासरीच्या दोन्ही बाजूंस एका विचलनाच्या आंत, तर शेंकडा ९५ दोहोंच्या आंत सांपडतात. म्हणून ८७.८ मधून ३.०५ ची दुप्पट, म्हणजे ६.१, वजा करावी, ८१.७ ही मर्यादारेषा आली. तिच्याखालील मुलाची वाढ खुंटली असें समजतात. तिप्पट वजा करून येणाऱ्या सुमारें ७८.७ च्या खालीं ती फारच खुंटलेली. आमचा नातू रेषेच्या वर आहे.

परंतु ही रेषा म्हणजे वेदवाक्य नव्हे. सुपोषित अशा हजार मुलांतहि सुमारें २३ तिच्याखालीं असतातच. आईबापच ठेंगणे असले तर तसें होऊं शकतें. तेवढ्यावरून कोणा आईस बोल लावूं नये. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं हजारीं ३५२ या रेषेखालीं आढळलीं. जेथें २३ अपेक्षित, तेथें ३५२! एवढी तफावत वंशाच्या माथीं मारतां येत नाहीं. ती अन्नाची, वारंवारच्या दुखण्यांची आणि मातेच्या आबाळीची आहे.

सूनबाईंस आम्हीं सांगितलें कीं, भिऊं नये, कांहीं महिन्यांनीं पुन्हा मोजावें. मग सहज मनांत आलें, सर्वांचीं जेवणें उरकल्यावर त्यांच्या ताटांत काय उरत असेल? विचारलें, तों आमचीच मान खालीं गेली. त्या दिवसापासून आमच्या घरीं सूनबाई सर्वांबरोबर पंगतीस बसतात.